बी.ए. होऊन पुढे काय? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असणार. मधल्या सुट्टीतली बोरे, गॅदरिंगची नाटके, गणिताच्या तासाची भीती हे सगळे इतर पानांवर येईलच. म्हणून मी एका प्रश्नाचा इतिहास लिहायचे ठरवले. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी दहावीच्या सुट्टीत घरीदारी ऐकला, नंतर काहींनी आपल्या मुलांना विचारला आणि आता नातवंडांना विचारायची वेळ आली आहे: 'आर्ट्सला जाऊन करणार काय?'

आपल्या वेळचा क्रम आठवतो ना? वर्गातल्या पहिल्या दहांनी सायन्स घ्यायचे, मधल्यांनी कॉमर्स घ्यायचे आणि उरलेल्यांनी आर्ट्स. पहिल्या दहांतल्या एखाद्या मुलीने आपणहून आर्ट्स घेतो म्हटले, तर शेजारचे काकासुद्धा समजूत घालायला येत. हा क्रम जणू पंचांगात छापलेला असावा इतका आपण तो गृहीत धरला होता. प्रत्यक्षात तो फार जुना नाही. बी.ए. ही पदवी मात्र आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिने काय काय घडवले ते पाहिले तर वरच्या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे द्यावे लागते.

'कला' या शब्दाचा घोटाळा

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टही सुरू झाले. एकाच वर्षी एकाच शहरात 'आर्ट' आणि 'आर्ट्स' अशा दोन गोष्टी आल्या, आणि मराठीत दोन्हींना 'कला' म्हटले गेल्यामुळे आजतागायत गोंधळ चालू आहे. कला शाखेच्या मुलाला 'चित्रे काढतोस का?' असे विचारणारे पाहुणे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. जे. जे. मध्ये चित्रकला, शिल्पकला शिकवली जाई. विद्यापीठाच्या 'आर्ट्स'मध्ये भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि चक्क गणितही होते. लोकमान्य टिळक गणित घेऊन बी.ए. झाले, महर्षी धोंडो केशव कर्वेही गणित घेऊनच बी.ए. झाले. म्हणजे ज्या पदवीला पुढे 'गणित न जमणाऱ्यांची पदवी' म्हटले गेले, तिच्यात सुरुवातीला गणिताचीच मोठी धास्ती होती. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांना गणितानेच अडवले आणि ते शेवटपर्यंत बी.ए. झाले नाहीत.

विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८६२ मध्ये पार पडली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एक न्यायाधीश झाले, दुसरे संस्कृतचे प्राध्यापक. पुढच्या काही दशकांत बी.ए. झालेल्यांसमोरच्या वाटा बहुतेक ठरलेल्या होत्या: मामलेदारी, मुन्सफी, सरकारी शाळेतली मास्तरकी, नाहीतर एल.एल.बी. करून वकिली. तेव्हा 'पुढे काय' हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण सरकारी नोकरी हे उत्तर तयार असे. या तयार उत्तराबाहेर पहिले पाऊल ज्यांनी टाकले, त्यांच्यापासून आपल्या विषयाचा खरा इतिहास सुरू होतो.

नोकरी सोडणारे आणि नोकरी धरून ठेवणारे

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि सरकारी शाळेत शिक्षक झाले. नोकरीत असतानाच, १८७४ मध्ये, त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक काढले. एकट्याने लिहायचे आणि महिन्याच्या महिन्याला छापून काढायचे, असे त्यांनी सात वर्षे केले आणि ८४ अंक काढले. मधल्या काळात त्यांची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

या माणसाने त्यानंतर आणि त्याच्या आगेमागे जे उद्योग उभे केले त्यांची यादी पाहण्यासारखी आहे. जुनी काव्ये आणि बखरी छापणारे 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक, देवादिकांची आणि इतिहासातल्या वीरांची चित्रे छापणारी चित्रशाळा, पुस्तकांचे दुकान म्हणजे किताबखाना, आर्यभूषण छापखाना, १ जानेवारी १८८० ला उघडलेले न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ च्या जानेवारीत निघालेली 'केसरी' व 'मराठा' ही दोन वृत्तपत्रे. काही कामांत ते सोबत्यांबरोबर होते, काहींत पुढे. १७ मार्च १८८२ ला ते गेले, तेव्हा त्यांना बत्तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

चिपळूणकरांच्या मतांशी आपले जमो वा न जमो. जोतीराव फुल्यांवर त्यांनी केलेली टीका आज वाचवत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. निबंध लिहिणे ही गोष्ट त्यांनी कॉलेजात शिकलेल्या इंग्रजी लेखकांकडून उचलली आणि ती मराठीत पोटापाण्याच्या व्यवसायांशी जोडली. छपाई, शाई, वर्गणीदार, टपाल यांचा हिशेब त्यांना पदवीने शिकवला नव्हता. तो ते काम करता करता शिकले.

सगळ्यांनीच राजीनामे दिले असे नाही. हरिभाऊ आपट्यांचा मार्ग वेगळा. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुनी संस्कृत हस्तलिखिते जमवणे आणि ग्रंथ छापणे हे तिचे काम. हरिभाऊंनी तिची व्यवस्था सांभाळली. दिवसा संस्थेचा कारभार आणि उरलेल्या वेळात कादंबरी. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः घरोघरी पोहोचल्या. मराठी कादंबरीचा पाया घालणारा हा माणूस कादंबरीवर जगला नाही. तो व्यवस्थापकाच्या कामावर जगला आणि त्या आधारावर त्याने कादंबरी लिहिली.

पुढच्या शंभर वर्षांत मराठीत जे कुणी लिहिते, गाते, नाटके करते झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी या दोनांपैकी एक वाट धरली. आपले वडीलधारे 'आधी नोकरी बघ, मग छंद कर' म्हणत, तेव्हा नकळत ते हरिभाऊंची वाट सांगत होते. ती वाट कमी प्रतीची नाही.

दप्तरांच्या मागे फिरणारा पदवीधर

तिसरी वाटही होती आणि ती सर्वांत खडतर. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १८९१ मध्ये बी.ए. झाले. काही दिवस शिक्षकी केली, 'भाषांतर' नावाचे मासिक काढून पाहिले आणि मग सगळे सोडून जुन्या कागदांच्या मागे लागले. गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर, पेटाऱ्यांत मोडी लिपीतली पत्रे, हिशेब, करारमदार पडून होते. वाळवी लागत होती, कधी रद्दी म्हणून विकले जात होते. राजवाडे पायी फिरून ते कागद मिळवत, मालकांची मनधरणी करत, नकला करत. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२६ च्या अखेरीस धुळ्याला त्यांचे निधन झाले.

राजवाड्यांना स्थिर उत्पन्न कधीच नव्हते. मित्रांच्या आणि चाहत्यांच्या मदतीवर त्यांचे चालले. हे सांगायला हवे, कारण अशा माणसांच्या गोष्टी आपण व्यासपीठावरून सांगतो तेव्हा त्यातली उपासमार गाळून टाकतो. आपल्या मुलाने राजवाडे व्हावे असे कुणा आईबापांना वाटणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पण राजवाड्यांनी जो मार्ग एकट्याने काढला, त्यावर पुढे मंडळे, दप्तरखाने, संशोधनवृत्त्या उभ्या राहिल्या आणि नंतरच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पगार मिळू लागला. वेड्यासारख्या वाटणाऱ्या कामाची पुढे संस्था झाली, म्हणजेच ते काम करिअर झाले.

मुलींनी रुंद केलेली वाट

विसाव्या शतकात या पदवीचा सर्वांत मोठा उपयोग कुणी केला असेल तर मुलींनी. इरावती कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये बी.ए. झाल्या. मुंबईला डॉ. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केले आणि बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. एवढे शिकूनही परत आल्यावर मनाजोगे काम लगेच मिळाले नाही. काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारची नोकरी केली. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि तिथून त्यांचे खरे काम सुरू झाले. माणसांची मापे घेत, नातेसंबंधांची माहिती टिपत त्या देशभर फिरल्या. त्या भटकंतीतून एकीकडे संशोधनाचे इंग्रजी ग्रंथ आले आणि दुसरीकडे मराठीत 'परिपूर्ति'सारखे ललित लेख. महाभारतातल्या माणसांकडे मानवशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारे 'युगान्त' १९६७ मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समाजशास्त्र आणि ललित लेखन ही दोन खाती आहेत असे त्यांनी मानलेच नाही.

शांता शेळक्यांचे उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या कानांत आहे. हुजूरपागेत शिकलेली, मराठी घेऊन एम.ए. झालेली ही मुलगी आधी आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात कामाला लागली. मग नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आणि नंतर मुंबईच्या कॉलेजांत त्यांनी मराठी शिकवले. नोकरी करता करता कविता, कथा, कादंबऱ्या, सदरलेखन, 'चौघीजणी'सारखा अनुवाद, 'मेघदूत'चे मराठी रूपांतर आणि चित्रपट, नाटके व रेडिओसाठी गाणी असे त्यांचे काम चालू होते. काही गाण्यांवर तर 'डॉ. वसंत अवसरे' असे टोपणनाव होते. चालीवर शब्द बसवायचे, तेही उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे म्हणून आज रात्रीत, हे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हते. पण संस्कृत वृत्ते, संतांच्या रचना, लोकगीतांतले शब्द हे सगळे हाताशी होते, कारण त्यांनी ते मनापासून वाचले होते. गरज पडली तेव्हा ते बाहेर आले.

दार कोणासाठी उघडले?

आतापर्यंतची नावे पाहा. त्यांतली बहुतेक पुण्या-मुंबईच्या, शिकलेल्या, उच्चवर्णीय घरांतली आहेत. ज्यांच्या घरात पुस्तके होती, ओळखी होत्या, निदान उपाशी पडलो तर दोन वेळचे जेवण घालणारे नातेवाईक होते, त्यांनी नोकऱ्या सोडल्या. ज्यांच्या घरातला पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी कॉलेजात जात होती, त्यांचे काय?

याचे उत्तर काही संस्थांनी दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तिथे 'कमवा आणि शिका' ही योजना होती. हातात फीचे पैसे नसलेल्या मुलाने काम करायचे आणि शिकायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले.

मिलिंदच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले तिथल्या वसतिगृहांत राहिली, वाचू लागली, वाद घालू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक तिथेच उभे राहिले. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. आत्मकथने, कविता, समीक्षा यांची एक पिढीच त्या पानांतून पुढे आली. त्या लेखकांतले बरेच जण शाळांत, बँकांत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरी करत होते. लिहिण्याचे पैसे जेमतेम मिळत, बऱ्याचदा मिळतही नसत. पण ज्यांच्या आयुष्याविषयी तोपर्यंत दुसरेच लिहीत होते, त्यांनी स्वतः लिहायला सुरुवात केली. मराठी साहित्यात स्वातंत्र्यानंतर एवढा मोठा बदल दुसरा झाला नाही, आणि त्यामागे हॉस्टेलची खोली, खानावळ आणि शिष्यवृत्ती या तीन साध्या गोष्टी होत्या.

क्रम कधी बदलला?

मग बी.ए. ही मागच्या बाकाची पदवी कधी झाली? याला दोन तारखा सांगता येतात आणि दोन्ही आपल्या आयुष्याच्या जवळच्या आहेत.

पहिली १९७५. जुनी अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची पहिली परीक्षा त्या वर्षी झाली. दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. शाखा निवडण्याचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, एका गुणपत्रिकेच्या आधारावर होऊ लागला. दुसरी १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर इंजिनियर होणे मोजक्या मुलांना शक्य होते. आता जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजे निघाली आणि मध्यमवर्गीय घराला एक सरळ, दिसणारी वाट मिळाली. ती वाट चांगलीच होती. आपल्यापैकी कितीतरी जण तिच्यावरून चालत जाऊन घर चालवणारे, गावाला आधार देणारे झाले. पण त्या वाटेच्या प्रकाशात बाकीच्या वाटा अंधाऱ्या वाटू लागल्या. कला शाखेला अनुदान होते, फी कमी होती, म्हणून ती गरिबांची आणि 'नंबर न लागलेल्यांची' शाखा ठरली. वर्गात शिक्षक कमी पडू लागले आणि गाइड वाचून पास होता येते असा समज पसरला. काही ठिकाणी तो खराही होता.

गंमत अशी की, अलीकडे मोठ्या शहरांतली खाजगी विद्यापीठे तोच इतिहास, तेच तत्त्वज्ञान, तेच साहित्य 'लिबरल आर्ट्स' या नावाने भरमसाट फी घेऊन शिकवतात आणि तिथे प्रवेशासाठी रांग लागते. म्हणजे विषय निरुपयोगी नव्हते. तालुक्याच्या कॉलेजात ते निरुपयोगी आणि काचेच्या इमारतीत सर्जनशील, असा भेद आपण केला.

चाळिशी ओलांडल्यावर दिग्दर्शक

आपल्याच काळातले एक उदाहरण सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. सुमित्रा भावे यांचे शिक्षण राज्यशास्त्र आणि समाजशास्त्रातले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून त्यांनी समाजकार्याची पदविका घेतली आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवत होत्या. झोपडपट्टीतल्या स्त्रियांच्या आयुष्यावर त्या संशोधन करत होत्या. अहवाल लिहून झाला की तो विद्वानांच्या कपाटात जातो आणि ज्या बायकांविषयी लिहिले त्यांना तो वाचताच येत नाही, ही अडचण त्यांना टोचू लागली. म्हणून १९८५ मध्ये त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. चित्रपटाचे शिक्षण त्यांनी कुठेही घेतले नव्हते, आणि वय होते बेचाळीस. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत त्यांनी 'दोघी', 'वास्तुपुरुष', स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई', स्मृतिभ्रंशावरचा 'अस्तु' असे चित्रपट केले. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. एकाकडे तंत्राचे शिक्षण, दुसरीकडे माणसांना प्रश्न विचारण्याचा आणि ऐकून घेण्याचा अनेक वर्षांचा सराव.

चिपळूणकरांपासून भाव्यांपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी सारख्या दिसतात. एक, त्यांनी आपला विषय परीक्षेपुरता न वाचता खरोखर वाचला होता. दोन, त्या विषयाला हाताचे एखादे काम जोडले: छपाई, मोडी वाचन, गाणे लिहिणे, कॅमेरा. तीन, पहिली काही वर्षे कुणीतरी आधार दिला. कुणाला पगाराने, कुणाला काकांच्या संस्थेने, कुणाला वसतिगृहाने, कुणाला मित्रांनी. राजवाड्यांसारखा ज्यांचा आधार तुटपुंजा होता, त्यांनी काम केले पण हाल सोसले. ज्यांना तिसरी गोष्ट मुळीच मिळाली नाही, त्यांची नावे या लेखात नाहीत, कारण ती इतिहासात पोहोचलीच नाहीत.

आजही कामे कमी नाहीत. मालिका आणि चित्रपटांना पटकथा लागते, दुसऱ्या भाषांतल्या मजकुराला मराठी रूपांतर आणि उपशीर्षके लागतात, ध्वनिपुस्तकांना वाचक-आवाज लागतो, संग्रहालयांना माहिती लिहिणारे लागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर सुरू झाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी शोधत फिरावे लागले. शंभर वर्षांपूर्वी ज्या लिपीसाठी राजवाड्यांना लोक वेड्यात काढत, तिचे जाणकार तहसील कचेरीला हवे झाले. पण तालुक्याच्या गावातल्या मुलीला हे कोण सांगणार? आणि ती शिकत असताना एस.टी.चा पास, पुस्तके आणि एखाद्या छोट्या कोर्सची फी कोण भरणार?

माजी विद्यार्थ्यांनी काय करावे?

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत ही शेवटची हकिगत आलीच पाहिजे. १९३४ मध्ये सरकारने काटकसरीसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद केले. चिपळूणकर, आगरकर, टिळक, राजवाडे जिथे शिकले ते कॉलेज. त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी या कॉलेजासाठी देणगी दिली होती. त्या देणगीच्या उद्देशावर बोट ठेवून ते कोर्टात गेले आणि चिकाटीने लढले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावतीबाईंना १९३९ मध्ये जी जागा मिळाली असे मी वर लिहिले, ती हीच. म्हणजे 'युगान्त' लिहिणाऱ्या बाईंचे काम जिथे बहरले, ते छप्पर काही माजी विद्यार्थ्यांनी वाचवले होते. त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे तिथे काय घडेल याची कल्पनाही नसणार.

आपल्या तुकडीने या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला शिष्यवृत्ती निधी द्यायचे ठरवले आहे. समितीने फिरवलेल्या मसुद्यात तो 'दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्या दोन गुणवंत विद्यार्थ्यांना' असा आहे. मसुदा लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि विज्ञानाच्या मुलांना मदत मिळायलाच हवी. माझी सूचना एवढीच आहे की, त्यातली एक शिष्यवृत्ती कला शाखेत स्वतःहून जाणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी ठेवावी. ती अकरावीपासून बी.ए. पूर्ण होईपर्यंत चालावी. फीबरोबर प्रवासाचा, पुस्तकांचा आणि मोडी वाचन, अनुवाद, छायाचित्रण, संगणकावर मजकूर जुळवणे अशा हाताच्या एखाद्या कामाच्या शिक्षणाचा खर्चही त्यात धरावा. निवड टक्क्यांवर नको. मुलाने वर्षभरात वाचलेल्या तीन पुस्तकांविषयी आपल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांशी अर्धा तास बोलावे, एवढी परीक्षा पुरे.

आपल्यात छापखानेवाले आहेत, बँकेतले आहेत, आकाशवाणीत काम केलेले आहेत, दोन-तीन शिक्षक आहेत, परदेशी गेलेले आहेत. पैशाशिवाय ओळख आणि सल्ला देणेही आपल्याला जमेल. एखाद्या मुलीला पहिल्यांदा ग्रंथालयात, स्टुडिओत किंवा वृत्तपत्राच्या कचेरीत घेऊन जाणे, हेही शिष्यवृत्तीइतकेच मोलाचे आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत निधीचा विषय आहे. त्या वेळी ही सूचना मांडीन. आपण सर्वांनी, विशेषतः आपल्या गुरुजनांनी, तिच्यावर मोकळेपणाने बोलावे अशी विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलीला घरच्यांनी 'आर्ट्सला जाऊन करणार काय?' असे विचारले, तर तिच्याजवळ निदान आपल्या तुकडीचे एक पत्र असावे.